जेऊर कुठलं? : माणूस आणि तालुका बघून बदलणारे ड्रॉपडाऊन

सोलापूर जिल्ह्यात जेऊर नावाची दोन गावं आहेत. एक करमाळा तालुक्यात, रेल्वे स्टेशनवालं. दुसरं अक्कलकोट तालुक्यात. म्हणजे जिल्ह्याच्या दोन टोकांना. चादर-टॉवेलच्या एका ठोक व्यापाऱ्यासाठी मी पहिल्यांदा ऑर्डरचा फॉर्म केला तेव्हा हे मला माहीत होतं, माझ्या फॉर्मला नव्हतं. करमाळ्याकडच्या दुकानदाराचा गठ्ठा अक्कलकोटकडे गेला, आणि दिवाणजींनी फोनवर एवढंच विचारलं, "अहो, जेऊर कुठलं ते तरी विचारायचं की फॉर्मात."

त्या फॉर्मात गावांची एकच लांबलचक यादी होती. तालुका वेगळा विचारला होता, पण त्याचा आणि गावाचा काही संबंध मी जोडलाच नव्हता. तो कसा जोडायचा, आणि समोर फॉर्म भरणारा माणूस कोण आहे यावरही यादी कशी ठरवायची, हे नव्यानं शिकणाऱ्यांसाठी लिहितो. एचटीएमएलचा फॉर्म करता येतो, जावास्क्रिप्टची तोंडओळख आहे आणि सर्व्हरवर पीएचपी, जँगो, नोड यांपैकी काहीतरी चालवता येतं, एवढं धरून चाललोय. तयार कोड मुद्दामच देत नाही. प्रत्येकाची भाषा वेगळी असते, आणि चुका कोडच्या ओळीत कमी आणि विचारात जास्त होतात.

आधी कागद

संगणक उघडण्याआधी कागदावर फॉर्मातले रकाने लिहा आणि बाण काढा. आमचे रकाने होते तालुका, गाव, दुकान, मालाचा प्रकार आणि माप. बाण दोन शाईंनी काढा. एका रकान्यावरून दुसरा ठरत असेल तर निळा, माणसावरून ठरत असेल तर लाल.

तालुक्याच्या रकान्यावर लाल बाण येतो, कारण मोहोळ-माढ्याकडे फिरणाऱ्या विक्रेत्याला सांगोला दाखवायचं कारण नाही. गावावर तालुक्याचा निळा बाण. मापावर मालाच्या प्रकाराचा निळा बाण, कारण टॉवेल निवडल्यावर ३० बाय ६० इंच दिसायला हवं, चादरीचं ६० बाय ९० नको. दुकानावर मात्र दोन्ही बाण येतात. दुकान गावावरून ठरतं, शिवाय काही जुन्या गिऱ्हाइकांचा व्यवहार मालक स्वतःच बघतात, ती नावं विक्रेत्यांना दिसायला नकोत.

आता बाण गोल फिरून परत येतो का बघा. तालुक्यावरून गाव, आणि गाव निवडल्यावर आपोआप तालुका, असं दोन्ही बाजूंनी करायचा मोह होतो. एक रकाना दुसऱ्याला हलवतो, दुसरा पहिल्याला, आणि फॉर्म भोवऱ्यासारखा फिरत राहतो. दिशा एकच ठेवा.

कागद हातात असतानाच ज्यांना फॉर्म भरायचा आहे त्यांना विचारा की ते कसा विचार करतात. जिल्ह्यात तालुके ११, पण विक्रेत्याच्या तोंडी तालुका असतोच असं नाही. अकलूज माळशिरस तालुक्यात आहे, टेंभुर्णी आणि कुर्डुवाडी माढ्यात, वैराग बार्शीत. पोरं म्हणतात "अकलूज लाइन", "टेंभुर्णी लाइन". अशा ठिकाणी पहिला रकाना तालुक्याऐवजी लाइनचा ठेवलेला बरा. आणि उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर या दोन्ही तालुक्यांची मुख्यालयं सोलापूर शहरातच. शहरातल्या दुकानासाठी नवा पोरगा हमखास बुचकळ्यात पडतो. आम्ही शेवटी यादीत "सोलापूर शहर" ही वेगळी नोंदच केली. ती निवडली की गावांऐवजी नवी पेठ, चाटी गल्ली, मंगळवार पेठ अशी नावं येतात. सरकारी हिशेबात ते बसणार नाही, धंद्याच्या हिशेबात चोख बसतं.

नाव नको, कोड

ड्रॉपडाऊनच्या प्रत्येक पर्यायाला दोन बाजू असतात. एक डोळ्यांना दिसणारं नाव आणि दुसरी फॉर्मबरोबर सर्व्हरला जाणारी किंमत, म्हणजे व्हॅल्यू. नवखे दोन्हीकडे नावच लिहितात. माझं जेऊर तिथंच चुकलं. व्हॅल्यू म्हणून कायम कोड पाठवा.

दोन गावांचं नाव सारखं असणं हे कोडचं एक कारण झालं. दुसरं कारण आपल्या लिपीतच आहे. उत्तर सोलापुरातलं तिऱ्हे घ्या. त्यातला "ऱ्ह" एका कीबोर्डवर ऱ या स्वतंत्र अक्षरातून येतो, दुसऱ्यावर साध्या र ला हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि नावावरून शोधायला गेलात तर तिऱ्हे सापडतच नाही. मी एकदा याच्यामागे अख्खी दुपार घालवली आहे.

गावांचे कोड स्वतः बनवायची गरज नाही. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीत प्रत्येक जिल्हा, तालुका, गावाला ठरलेला कोड आहे, तोच उचला. उद्या दुसऱ्या कुठल्या सरकारी यादीशी मेळ घालायचा झाला तर उपयोगी पडतो.

तक्ते साधे ठेवा. तालुक्यांच्या तक्त्यात कोड आणि नाव. गावांच्या तक्त्यात कोड, नाव आणि तालुक्याचा कोड. दुकानांच्या तक्त्यात गावाचा कोड. आणि लाल बाणासाठी एक वेगळा तक्ता, ज्यात कुठल्या वापरकर्त्याला कुठला तालुका एवढंच. एका विक्रेत्याला तीन तालुके असले तर तीन ओळी. वापरकर्त्याच्या नोंदीत स्वल्पविराम देऊन तालुक्यांची नावं कोंबू नका, पुढे त्यातून शोधताना रडाल. दुकान बंद झालं तर ओळ पुसू नका, "चालू नाही" अशी खूण करा. का ते पुढे येईल.

कोडचा आणखी एक फायदा आमच्या शहरात लगेच लक्षात येतो. पूर्व भागातल्या कारखानदाराच्या घरात तेलुगू, अक्कलकोटच्या दुकानदाराच्या तोंडी कन्नड. वापरकर्त्याप्रमाणे नावाची भाषा बदलायची म्हटली तर फक्त दिसणारी बाजू बदलते, कोड तोच राहतो.

यादी एकाच ठिकाणी ठरवा

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: कुणाला काय दिसणार हे सर्व्हरवरच्या एकाच फंक्शननं ठरवायचं, आणि यादी दाखवताना व फॉर्म आल्यावर तपासताना तेच फंक्शन वापरायचं.

मराठीतच लिहायचं तर: गावं_द्या(वापरकर्ता, तालुका). आत दोन प्रश्न. हा तालुका या वापरकर्त्याला नेमून दिलेला आहे का? नसेल तर रिकामी यादी. असेल तर त्या तालुक्यातली चालू गावं. दुकानासाठी दुकानं_द्या(वापरकर्ता, गाव). त्यात आणखी एक अट, ती म्हणजे मालकाच्या खात्यातली दुकानं मालकालाच.

यात नवख्यांचे दोन घोटाळे ठरलेले. पहिला म्हणजे तालुका रिकामा आला तर अटच गाळायची. "तालुका दिला असेल तर गाळणी लाव" असं लिहिलं की तालुका न देणाऱ्याला अख्खा जिल्हा मिळतो. रिकाम्या तालुक्याला रिकामी यादी. दुसरा घोटाळा जास्त महागात पडतो. वापरकर्ता कोण हे फॉर्मातल्या लपवलेल्या रकान्यातून घ्यायचं. लपवलेला रकाना डोळ्यांना दिसत नाही एवढंच, ब्राउझरमध्ये उजवं बटण दाबून कुणीही तो बदलू शकतो. माणूस कोण हे लॉगिनच्या सेशनवरूनच ओळखा.

पानावर

प्रत्येक यादीचा पहिला पर्याय रिकाम्या व्हॅल्यूचा ठेवा, "तालुका निवडा" असा. रकाना आवश्यक म्हणून खूण केली असेल तर ब्राउझर रिकाम्या व्हॅल्यूवर स्वतःच अडवतो. हा पर्याय नसला की पहिला तालुका आपोआप निवडलेला दिसतो, आणि घाईतल्या माणसाच्या सगळ्या ऑर्डरी अक्कलकोटच्या होतात.

तालुका निवडेपर्यंत गावाचा रकाना बंद, म्हणजे डिसेबल्ड. गाव निवडेपर्यंत दुकानाचा बंद. तालुक्याच्या रकान्यावर चेंज घटनेला कान लावा. ती घडली की या क्रमानं कामं करा. आधी गाव आणि दुकान दोन्ही रकाने रिकामे करून बंद करा. मग गावाच्या रकान्यात "आणतोय…" असं दाखवा. मग सर्व्हरकडे फेचनं, म्हणजे पान न बदलता माहिती मागवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या फंक्शननं, यादी मागा. यादी आली की भरा आणि रकाना उघडा.

रिकामं करण्याची पायरी आधी, आणि ती नातवापर्यंत, म्हणजे तालुका बदलला की गावाखालच्या दुकानापर्यंत. गावाची यादी बदलली पण दुकान जुन्याच गावाचं राहिलं, ही चूक मी तयार सॉफ्टवेअरांतही पाहिली आहे. भरणाऱ्याला ती दिसत नाही, कारण त्याची नजर तोवर खाली मापावर गेलेली असते.

जुने पर्याय नुसते लपवू नका. पर्याय लपवणं सगळ्या ब्राउझरांत सारखं चालत नाही. यादीतून काढून टाका आणि नवे घाला. घालताना नाव मजकूर म्हणून घाला, एचटीएमएल म्हणून नाही. दुकानाच्या नावात कुणी खोडसाळपणे टॅग लिहून ठेवला तर तो तुमच्या पानावर चालू लागेल.

आता घाई करणाऱ्या बोटांचा बंदोबस्त. विक्रेत्यानं चुकून बार्शी निवडलं, लगेच दुरुस्त करून करमाळा केलं. दोन मागण्या गेल्या. नेटवर्क असं की करमाळ्याचं उत्तर आधी आलं आणि बार्शीचं मागून. आता तालुका करमाळा, खाली गावं बार्शीची. यावर दोन उपाय आहेत. नवी मागणी करताना जुनी रद्द करा, त्यासाठी ब्राउझरमध्ये अबॉर्टकंट्रोलर आहे. नाहीतर उत्तर आल्यावर बघा की ज्या तालुक्यासाठी मागितलं होतं तोच अजून निवडलेला आहे का, नसेल तर फेकून द्या. मी दुसरा उपाय कायम लावतो, पहिला जमलं तर.

आणखी एक दुखणं म्हणजे मध्येच संपलेलं लॉगिन. विक्रेता चहाला थांबला, अर्ध्या तासानं तालुका निवडला, आणि गावांची यादी रिकामीच. होतं असं की सर्व्हर गावांच्या यादीऐवजी लॉगिनच्या पानाकडे वळवतो, फेच मुकाट्यानं तिकडे जातं, आणि जावास्क्रिप्टला गावांच्या जागी एक अख्खं पान मिळतं. यादीच्या मागण्यांना सर्व्हरनं असं वळवू नये. सरळ ४०१ हा स्थितीक्रमांक द्यावा, आणि पानानं "पुन्हा लॉगिन करा" असं स्पष्ट सांगावं. नेट गेलं तरी तसंच. रिकामी यादी आणि न आलेली यादी यांतला फरक माणसाला दिसला पाहिजे.

एकच तालुका असलेल्या विक्रेत्याला तालुक्याचा ड्रॉपडाऊन कशाला? साधा मजकूर दाखवा, "तालुका: मंगळवेढा". पण तो ड्रॉपडाऊनच ठेवून डिसेबल्ड करू नका. डिसेबल्ड रकान्याची व्हॅल्यू फॉर्मबरोबर जातच नाही, आणि सिलेक्टला फक्त वाचण्यापुरतं ठेवायची, म्हणजे रीडओन्लीची, सोय नाही. सर्व्हरला त्या माणसाचा तालुका ठाऊक आहेच, त्यानंच तो लिहावा.

सगळं एकदम पाठवावं का?

दर वेळी सर्व्हरला विचारायलाच हवं असं नाही. मालाचा प्रकार आणि मापं मिळून वीस-पंचवीस ओळी, त्या पानाबरोबरच पाठवा. गावंही पाठवता येतात. जिल्ह्यात हजारावर गावं आहेत, देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, तरी कोडसकट सगळी यादी शंभर केबीच्या आत बसते. एका फोटोपेक्षा कमी. रस्त्यात रेंज जाते अशा लाइनवर फिरणाऱ्या पोरांसाठी हे उलट चांगलं.

दुकानं मात्र पाठवू नका. लाल बाण असलेली यादी सगळी पाठवून जावास्क्रिप्टनं गाळली, तर ती गाळली असं फक्त वाटतं. पानाचा सोर्स उघडला की मालकाची सगळी गिऱ्हाइकं ओळीनं उभी. निळा बाण आणि छोटी यादी असेल तर एकदम पाठवा, लाल बाण असेल तर सर्व्हरवरूनच गाळून. अशा उत्तरांवर कॅश-कंट्रोल या हेडरमध्ये नो-स्टोअर लिहा, म्हणजे ब्राउझर ते उत्तर साठवून ठेवत नाही. गोडाऊनमध्ये एकच टॅबलेट दोघं वापरतात, एकाची यादी दुसऱ्याला दिसायला नको.

फॉर्म आल्यावर

पानावर कितीही नीट बांधलं तरी सर्व्हरला येणारी व्हॅल्यू कुणीही, काहीही असू शकते. म्हणून फॉर्म आला की पुन्हा तेच विचारा. गावं_द्या(हा वापरकर्ता, आलेला तालुका) या यादीत आलेलं गाव आहे का? दुकानं_द्या मध्ये आलेलं दुकान आहे का? नुसतं "हे गाव तक्त्यात आहे का" विचारून भागत नाही, त्या तालुक्यात आहे का हे विचारायचं असतं. लाराव्हेलमध्ये एक्झिस्ट्स या नियमाला वेअरची अट जोडून हे होतं.

जँगो वापरणाऱ्यांसाठी जरा थांबतो, कारण तिथं नवखे हमखास अडकतात. फॉर्मच्या क्लासमध्येच पर्यायांची साधी यादी लिहिली तर ती सर्व्हर सुरू होताना एकदाच बनते, आणि त्या वेळी वापरकर्ता कोण हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून वापरकर्ता फॉर्मला बाहेरून द्यायचा आणि इनिट मेथडमध्ये गावाच्या रकान्याची क्वेरीसेट, म्हणजे तक्त्यातून निवडलेल्या नोंदींची यादी, ठरवायची. इथंपर्यंत बहुतेक जण येतात. मग नव्या फॉर्मसाठी गावांची क्वेरीसेट रिकामी ठेवतात, पानावर जावास्क्रिप्टनं गावं भरतात, बटण दाबतात, आणि जँगो म्हणतो की हा पर्याय यादीत नाही. त्याचं बरोबरच आहे, यादी तुम्हीच रिकामी ठेवली होती. इनिटमध्ये तीन अवस्था बघाव्या लागतात. फॉर्म भरून आला असेल तर आलेल्या तालुक्याची गावं, जुनी नोंद उघडली असेल तर त्या नोंदीच्या तालुक्याची, आणि कोरा फॉर्म असेल तरच रिकामी.

चूक सापडली तर फॉर्म परत दाखवताना निवडलेलं सगळं जागेवर ठेवा. एका मापासाठी पोराला तालुक्यापासून पुन्हा चालायला लावू नका.

जुनी ऑर्डर दुरुस्त करताना

इथं क्रम महत्त्वाचा. आधी तालुका निवडा, गावांची यादी येईपर्यंत थांबा, मग गाव निवडा, मग दुकानांची यादी, मग दुकान. यादी येण्याआधीच व्हॅल्यू लावली तर सिलेक्ट काही तक्रार न करता रिकामा राहतो. मी तर जुन्या ऑर्डरचं पान सर्व्हरवरूनच तिन्ही याद्या भरून पाठवतो, जावास्क्रिप्ट फक्त बदल झाला तरच जागं होतं.

आणि ती "चालू नाही" ची खूण. मागच्या दिवाळीची ऑर्डर उघडली, दुकान तेव्हापासून बंद. चालू दुकानांच्या यादीत ते नाही. रकाना रिकामा दिसला, कुणीतरी दुसरं दुकान निवडून सेव्ह केलं, आणि हिशेब भलत्याच्या नावावर. म्हणून जुन्या नोंदीतली व्हॅल्यू, ती आता बंद असली तरी, यादीत शेजारी "बंद" लिहून दाखवायची, आणि तपासतानाही त्या एका नोंदीपुरती चालवून घ्यायची. विक्रेत्याचा तालुका बदलल्यावरही हाच प्रश्न येतो. त्याच्या जुन्या ऑर्डरी त्याला वाचता याव्यात, पण तिथं नवी ऑर्डर घालता येऊ नये. हे मालकाला विचारून ठरवा, स्वतःच्या मनानं नको.

क्रम आणि लांबी

याद्या साध्या सॉर्टनं लावल्या तर त्या युनिकोडच्या क्रमानं लागतात. तिथं ळ हे ल च्या लगेच नंतर येतं. आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येतं. जावास्क्रिप्टमध्ये भाषेप्रमाणे क्रम लावणारा इंटल कोलेटर आहे, त्याला मराठी लोकेल, म्हणजे भाषेची खूण, देऊन क्रम लावा.

एका गावात फार दुकानं असली की ड्रॉपडाऊन अंगठ्यानं सरकवताना जीव जातो. "यादी लई मोठी येऊलालीय की ओ," असं एका विक्रेत्यानं मला ऐकवलं, तेव्हा तिथं शोधायचा रकाना दिला. दोन अक्षरं टाकली की जुळणारी दुकानं खाली येतात. शोधही दुकानं_द्या मधूनच जातो, नाहीतर मागच्या दारानं मालकाची गिऱ्हाइकं बाहेर.

सोपवण्याआधी

दोन फोन घ्या, दोन वेगळ्या विक्रेत्यांची खाती उघडा. तालुका भराभर चार वेळा बदला. दुकान निवडून मग तालुका बदला आणि दुकान खरंच रिकामं झालं का बघा. ब्राउझरचं मागे जायचं बटण दाबा, कारण काही ब्राउझर तालुका आठवणीनं परत भरतात आणि गावांची यादी मात्र कोरी राहते. पान उघडल्यावर तालुका आधीच निवडलेला असेल तर तुमचं यादी आणायचं काम तिथंही एकदा चालवा. मग डेव्हलपर टूल्स उघडून गावाची व्हॅल्यू दुसऱ्या तालुक्यातली घाला आणि फॉर्म पाठवा. सर्व्हरनं तो नाकारला पाहिजे.

शेवटी करमाळा आणि अक्कलकोट दोन्ही एकाच खात्याला द्या, दोन्ही जेऊरच्या एकेक ऑर्डर घाला आणि चलन छापा. माझ्या दुसऱ्या फॉर्मात कोड बरोबर होते, तपासणी बरोबर होती, आणि छापलेल्या कागदावर दोन्हीकडे नुसतं "जेऊर" आलं. टेंपोवाला कोड वाचत नाही. चलनावर "जेऊर, ता. करमाळा" असं छापा.